बेडरूमचा टीव्ही: उशीपासून भिंतीपर्यंत, टप्प्याटप्प्यानं

बेडरूमच्या टीव्हीत फसगत होते ती बहुतेक घरांत एकाच कारणानं: खरेदी उलट्या क्रमानं होते. आधी ऑफर दिसते, मग इंच ठरतात, मग कंपनी, आणि टीव्ही घरी येऊन तंत्रज्ञ ड्रिल घेऊन उभा राहिला की पहिल्यांदा भिंतीचा विचार होतो. मग तो दरवाजाच्या चौकटीएवढ्या उंचीवर लागतो, मान अवघडते, आणि पलंगाच्या एका कडेला झोपणाऱ्याला चित्र फिकट दिसतं. टीव्ही चांगला असतो, खोलीला जुळलेला नसतो.

हॉलमध्ये आपण ताठ बसून, दिवे लावून, चार जणांसोबत बघतो. बेडरूममध्ये अर्धवट आडवे होऊन, अंधारात, हळू आवाजात. म्हणून हॉलच्या टीव्हीचे निकष इथे चालत नाहीत. मोजमाप उशीपासून सुरू करायचं आणि दुकानात सगळ्यात शेवटी जायचं.

तयारी: मोजपट्टी, रंगकामाची कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, वही, एक पेन ड्राइव्ह आणि मदतीला एक माणूस. एक संध्याकाळ पुरते. ती वाचवू नका.

१. भिंत ठरवा

पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूच्या समोरची भिंत ही पहिली पसंती. पण ती ठरवण्यापूर्वी चार गोष्टी बघा.

खिडकी: टीव्हीच्या बरोबर समोर, म्हणजे उशांच्या मागे खिडकी असेल तर दुपारी पडद्यावर खिडकीच दिसेल. जाड पडदा लावणार असाल तर चालेल, नाहीतर बाजूची भिंत बघा. टीव्हीच्या मागे किंवा अगदी शेजारी खिडकी असेल तर उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि चित्र काळवंडल्यासारखं वाटतं.

ओल: पुण्यात पावसाचे वारे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला जून ते सप्टेंबरमध्ये ओल धरते का ते आठवा. रंगाचे पोपडे, पांढरट क्षार किंवा कपाटामागे कुबट वास असेल तर त्या भिंतीवर टीव्ही नको. मागची जाळी हवा ओढते, तिच्यासोबत दमटपणाही आत जातो आणि जोडण्या गंजतात. वॉटरप्रूफिंग आधी, टीव्ही नंतर.

एसी: स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटखाली टीव्ही कधीही लावू नका. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी पुढच्या बाजूनं टपकतं आणि सरळ पॅनलच्या वरच्या कडेवर पडतं.

वॉर्डरोब: समोरची भिंत वॉर्डरोबनं भरलेली असेल तर सरकत्या दारावर टीव्ही बसवण्याची कल्पना सोडून द्या. दार प्रत्येक वेळी आपटलं की स्क्रू ढिले होतात आणि वायर घासते. त्यापेक्षा वॉर्डरोबचा एक भाग उघडा ठेवून मागच्या भिंतीवर टीव्ही लावणं बरं.

२. उशीपासून अंतर मोजा

भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर हे बघण्याचं अंतर नव्हे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

रोज जसे टेकून बसता तसे बसा. डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत पट्टी धरायला दुसऱ्या माणसाला सांगा आणि त्यातून चार इंच वजा करा, कारण ब्रॅकेट (टीव्ही भिंतीवर टांगायची चौकट) आणि टीव्हीची जाडी मिळून तेवढी जागा जाते. कडेवर झोपून बघत असाल तर तसंही एकदा मोजा.

उदाहरण घ्या. खोली १० बाय ११ फुटांची, पलंगाचं डोकं १० फुटी भिंतीला, म्हणजे समोरची भिंत ११ फुटांवर. टेकून बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून साधारण दोन फूट पुढे येतात. उरले नऊ. ब्रॅकेट आणि टीव्ही वजा केला की हातात आले सुमारे साडेआठ फूट. समोर दोन फूट खोल वॉर्डरोब असेल आणि टीव्ही त्याच्या तोंडाशी येणार असेल तर साडेसहाच. त्याच खोलीत दोन वेगळे टीव्ही योग्य ठरतात, म्हणून शेजाऱ्याच्या घरातलं माप उपयोगी पडत नाही.

३. इंच ठरवा

अंतर इंचांत करा आणि त्याला १.६ नं व २.२ नं भागा. येणाऱ्या दोन आकड्यांमधला टीव्ही तुमच्या खोलीला चालतो.

साडेसात फूट म्हणजे ९० इंच. ९० भागिले २.२ म्हणजे ४१, आणि ९० भागिले १.६ म्हणजे ५६. म्हणजे ४३ ते ५५ इंचांपर्यंत सगळेच चालतील. मग कोणता? तुम्ही काय बघता त्यावर. सेट-टॉप बॉक्सवर साध्या एसडी (कमी स्पष्टतेच्या) पॅकच्या मराठी वाहिन्या हेच मुख्य असेल तर खालच्या टोकाचा घ्या. एसडी चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की चेहरे धूसर होतात, आणि त्याला टीव्हीचा दोष समजून लोक दुकानाशी भांडतात. सगळं बघणं इंटरनेटवरून असेल तर वरच्या टोकाकडे जायला हरकत नाही.

आमचा कल बेडरूममध्ये मधल्या आकाराकडे असतो. अंधारात मोठा, उजळ पडदा डोळ्यांना लवकर शिणवतो, आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही सोसावा लागतो.

इंच म्हणजे तिरका कर्ण, रुंदी नव्हे. नुसत्या पडद्याची मापं अशी:

३२ इंच: रुंदी २८, उंची १६ इंच
४३ इंच: रुंदी साडेसदतीस, उंची २१ इंच
५० इंच: रुंदी साडेत्रेचाळीस, उंची साडेचोवीस इंच
५५ इंच: रुंदी ४८, उंची २७ इंच

चौकटीसाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच धरा. वॉर्डरोबच्या कप्प्यात बसवणार असाल तर दोन्ही बाजूंना आणि वर किमान चार इंच हवेसाठी मोकळे सोडा.

तपासा: वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा आयत कापा, भिंतीवर चिकटवा आणि एक रात्र तसाच राहू द्या. दिवे बंद करून, पलंगावरून, दारातून बघा. वॉर्डरोबचं दार त्याला अडतं का, खोलीचं दार उघडताना कडेला लागतं का, हे कागदच सांगतो.

४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, लागतं का? ४३ इंचांच्या पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक साधारण साडेपाच फुटांच्या आतच डोळ्याला कळतो, ५५ इंचांवर सुमारे सात फुटांच्या आत. बत्तीस इंची एचडी रेडी पडदा सहा फुटांवरून बघितला तर त्याचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. तरीही ४३ आणि पुढच्या आकारांत ४केच घ्या, कारण या आकारांत बरे पॅनल आणि बरे प्रोसेसर बहुतेक ४के मॉडेलांतच येतात. छोट्या खोलीत ३२ इंची घेताना मात्र ४केच्या मागे लागू नका.

४. उंची ठरवा, झोपून

हॉलचा नियम असा की पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. बेडरूममध्ये पाठ मागे कललेली असते, त्यामुळे नजर आपोआप थोडी वर जाते. टीव्ही हॉलपेक्षा थोडा वर हवा, पण छताशी नको.

कृती अशी. दोन उशा घेऊन रोजच्यासारखे टेका. डोळे मिटा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. नजर भिंतीवर जिथे पडते तिथे मदतनिसाला चिकटपट्टी लावायला सांगा. तीनदा करा. दोघे बघणार असतील तर दोघांच्या खुणा घ्या आणि मध्य काढा. ती खूण म्हणजे पडद्याचा मध्यबिंदू.

हिशेबानंही पडताळता येतं. गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून २० ते २२ इंच आणि अर्धवट टेकलेल्या माणसाचे डोळे त्याच्या वर १४ इंच धरले तर डोळे ३६ इंचांच्या आसपास. नजर १० अंश वर असेल तर आठ फुटांवर ती १७ इंच वर पोचते. म्हणजे पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५३ इंचांवर. तुमची खूण ६० इंचांच्या वर येत असेल तर टेकण्याची पद्धत पुन्हा तपासा.

नजर जितके अंश वर, तितके अंश टीव्ही खाली झुकवायचा. त्यासाठी खाली झुकणारा ब्रॅकेट लागतो, सपाट चालत नाही. टीव्ही न झुकवता नुसता वर लावला तर रंग उडतात, आणि पंख्याचं किंवा ट्यूबचं प्रतिबिंब पडद्यात येतं.

सावधान: बसवायला येणारा माणूस हॉलच्या सवयीनं किंवा बिल्डरनं दिलेल्या स्विचबोर्डच्या जागेनं उंची ठरवतो. बोर्ड हलवता येतो, मान नाही. चिकटपट्टीची खूण त्याला दाखवा आणि तिच्यावर ठाम राहा.

५. भिंत कशाची आहे ते ओळखा

४३ इंची टीव्हीचं वजन साधारण सात ते नऊ किलो, ५५ इंचीचं बारा ते सोळा. भिंतीला हे ओझं फार नाही. पण कोणती भिंत, त्यावर कोणता प्लग (भोकात स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी), हे जुळायलाच हवं.

कोपऱ्यात, टीव्हीमागे झाकलं जाईल अशा ठिकाणी एक बारीक भोक पाडून भुकटी बघा.

लाल भुकटी म्हणजे विटेची भिंत. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांत हीच सापडते. ड्रिलचा ८ मिलिमीटरचा बिट, साधे रॉल प्लग. प्लास्टर अर्धा ते पाऊण इंच असतं आणि त्याला जोर नसतो, म्हणून प्लग प्लास्टर ओलांडून विटेत किमान दोन इंच जायला हवा. दोन विटांमधल्या सांध्यात बिट गेला तर तो चटकन आत घुसतो, अशा वेळी भोक सोडून एक इंच सरका.

पांढरट राखाडी, मऊ भुकटी आणि बिट लोण्यात जावा तसा आत गेला तर ते हलके ब्लॉक, पुण्यात ज्यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतात ते. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बहुतेक अशाच. इथे ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग फिरत राहतो. ब्रॅकेटसोबत आलेले छोटे प्लग वापरू नका. हलक्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे प्लग मिळतात, ते आणा. चार इंची ब्लॉकच्या भिंतीवर लांब हाताचा, बाहेर ओढता येणारा ब्रॅकेट लावूच नका. हात बाहेर काढला की तरफेसारखा जोर वरच्या स्क्रूंवर येतो आणि ते हळूहळू ब्लॉक कुरतडत बाहेर येतात. असा ब्रॅकेट हवाच असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी लागते.

घट्ट राखाडी भुकटी आणि बिट जेमतेम सरकतो, म्हणजे काँक्रीट. मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात भिंती ओतून बांधलेल्या, टॉवरमध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. पकड उत्तम, पण विजेच्या नळ्या भिंतीतच ओतलेल्या असतात. बोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला कधीही भोक पाडू नका. टीव्ही तिथेच येणार असेल तर आधी वायर शोधकानं तपासा आणि मेन बंद करून बॅटरीवरच्या ड्रिलनंच भोक पाडा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत माती आणि लाकडाच्या भिंती आहेत. तिथे टेबलावरचा टीव्हीच योग्य. भाड्याच्या घरातही घरमालकाची लेखी परवानगी मिळेपर्यंत टेबलच वापरा, डिपॉझिटमधून भोकांचे पैसे कापले जातात. मात्र बऱ्याच मॉडेलचे पाय दोन टोकांना असतात, म्हणून टेबल घेण्यापूर्वी त्या मॉडेलच्या पायांमधलं अंतर विचारा.

६. वीज, वायर, इंटरनेट

टीव्हीजवळ किमान दोन सॉकेट हवेत, सेट-टॉप बॉक्स असेल तर तीन. बरोबर ब्रॅकेटच्या पट्टीमागे सॉकेट आला तर प्लग बसत नाही, कारण मागे मिळते ती दीड-दोन इंचांची फट. सॉकेट पट्टीच्या बाजूला पण पडद्याच्या आडोशात, अशी जागा इलेक्ट्रिशियनला आखून द्या. एचडीएमआय (सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणारी) आणि डिशची वायर विजेच्या नळीत घालू नका, त्यांना वेगळी जाड नळी द्या. केबलचं टोक आरामात ओढून काढता येईल एवढी.

आजकालच्या टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही, बहुतेक मॉडेल १०० ते २४० व्होल्टवर चालतात. धोका कमी-जास्त दाबापेक्षा झटक्याचा आहे. गुरुवारी देखभालीसाठी बंद केलेली किंवा वादळी पावसात गेलेली वीज परत येते तेव्हा तो येतो. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, पण घराचं अर्थिंग नीट असेल तरच तो उपयोगी. जुन्या इमारतीत आधी अर्थिंग तपासून घ्या. विजा चमकायला लागण्यापूर्वीच प्लगसोबत डिशची वायरही काढा. झटका त्या वाटेनंही येतो आणि एचडीएमआय पोर्ट जाळतो.

इंटरनेटसाठी मोबाइल टीव्हीच्या जागी धरून वेग मोजा. ४के साठी स्थिर १५ ते २५ एमबीपीएस हवेत. राउटर हॉलमध्ये आणि मध्ये काँक्रीटची भिंत असेल तर बेडरूममध्ये त्याच्या निम्माही वेग येत नाही. तेव्हा टीव्ही बदलून उपयोग नाही, नेटवर्कची केबल आणा किंवा दुसरा राउटर जोडा. स्वस्त मॉडेलांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय असतं. दाट सोसायटीत ती वाट शेजाऱ्यांच्या राउटरनी भरलेली असते, म्हणून ५ गिगाहर्ट्झ आहे का ते विचाराच.

दुसऱ्या खोलीत डीटीएच हवं असेल तर वेगळा बॉक्स आणि वेगळी वायर लागते. त्याचा महिन्याचा खर्च आधी विचारून ठेवा.

७. पॅनल निवडा: पलंगाची मध्यरेषा इथे निर्णय करते

एलसीडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारचे पॅनल येतात. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएस पॅनल बाजूनं चांगलं दिसतं, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी वाटतो. बेडरूममध्ये दिवे बंद असतात, त्यामुळे हा राखाडीपणा हॉलपेक्षा जास्त खुपतो.

आता पलंग आणि टीव्ही यांची मध्यरेषा बघा. सहा फूट रुंद पलंगावर दोघे मध्यापासून प्रत्येकी दीड फूट बाजूला असतात. टीव्ही बरोबर मध्यावर आणि आठ फुटांवर असेल तर दोघांनाही तो ११ अंशांच्या आतबाहेर दिसतो. व्हीए पॅनलला एवढा कोन काहीच नाही, तोच घ्या. टीव्ही मध्यापासून तीन फूट सरकलेला असेल, जसा वॉर्डरोबमुळे पुष्कळ घरांत असतो, तर लांबच्या माणसाला तो २९ अंशांतून दिसतो. तिथे व्हीए फिकटतो. आयपीएस घ्या, किंवा भिंत चालत असेल तर फिरणारा ब्रॅकेट.

क्यूएलईडी हे नाव ऐकून गोंधळू नका. तो एलसीडीच आहे, रंग सुधारणारा एक थर घातलेला. प्रकाश पडद्यामागच्या वेगळ्या दिव्यांतूनच येतो, त्यामुळे काळा रंग पुन्हा पॅनलवरच अवलंबून. मिनी एलईडीमध्ये मागचा प्रकाश छोट्या भागांत मंद करता येतो, अंधाऱ्या खोलीत फरक जाणवतो. ओएलईडी अंधारासाठी सर्वोत्तम: प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि विझतो, काळा म्हणजे काळाच, आणि बाजूनंही रंग टिकतात. पण ते साधारण ४२ इंचांपासून पुढेच मिळतात, महाग असतात, आणि दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवण्याची सवय असेल तर खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. आजी-आजोबांच्या खोलीत दिवसभर बातम्या चालत असतील तर ओएलईडी घेऊ नका.

८. माहितीपत्रकातले आकडे

रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) ६० हर्ट्झ असला तरी बेडरूमला पुरे. ‘मोशन’ या नावाखाली छापलेला तिप्पट-चौपट आकडा पॅनलचा नसतो. गेमिंग कन्सोल जोडणार असाल तरच १२० बघा.

एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) बहुतेक सगळ्यांवर लिहिलेलं असतं. दोन-तीनशे निट्स उजेडाच्या टीव्हीत तो फक्त सिग्नल घेतो, दाखवू शकत नाही. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

रॅम २ जीबी आणि स्टोरेज शक्यतो १६ जीबी. ८ जीबीत अ‍ॅप्स अद्ययावत होत होत वर्ष-दोन वर्षांत जागा संपते आणि रिमोट दाबल्यावर टीव्ही विचार करत बसतो.

ब्लूटूथ हेडफोनला चालतो की फक्त रिमोटला, हे स्पष्ट विचारा. शेजारचा झोपलेला असताना तुम्हाला बघायचं असेल तर बेडरूमच्या टीव्हीत ही सोय ४के पेक्षा महत्त्वाची. ३.५ मिलिमीटरचा जॅक असेल तर उत्तमच, त्यात आवाज मागे पडत नाही.

स्पीकरसाठी २० वॅट पुरतात. रात्री हळू आवाजात संवाद स्पष्ट ऐकू येणं जास्त मोलाचं, ते दुकानातच तपासता येतं.

सावधान: एकाच मालिकेतल्या ४३, ५० आणि ५५ इंची टीव्हींत पॅनल वेगवेगळे असू शकतात. ५५ इंचीचं परीक्षण बघून ४३ इंची घेऊ नका. पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून शोधा, शेवटच्या दोन अक्षरांसकट.

९. दुकानातली पंधरा मिनिटं

रविवारी संध्याकाळी किंवा दसरा-दिवाळीच्या गर्दीत चाचणी होत नाही. आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा. पेन ड्राइव्हवर या गोष्टी न्या: एक अंधारं दृश्य, एक चेहरा जवळून, पूर्ण राखाडी आणि पूर्ण काळं चित्र, आणि हळू बोलण्याचा एक मराठी प्रसंग.

पहिलं काम, शोरूमचा भडक मोड बंद करून घ्या आणि सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगा. त्या झगमगाटात सगळ्यात उजळ टीव्ही चांगला वाटतो, तुमच्या अंधाऱ्या खोलीत तोच त्रासदायक ठरतो. मग तुमच्या मोजलेल्या अंतरावर उभे राहा. राखाडी चित्रात ढगाळ डाग किंवा उभे पट्टे आहेत का, काळ्या चित्रात कोपऱ्यांतून उजेड गळतो का ते बघा. चार पावलं बाजूला सरका आणि चेहऱ्याचा रंग बदलतो का ते बघा. शेवटी आवाज कमी करून संवाद ऐका. आणि ब्राइटनेस किंवा बॅकलाइट शून्याजवळ नेऊन बघा: काही टीव्ही तिथेही इतके उजळ राहतात की रात्री डोळे दुखतात.

ब्रॅकेट, केबल, सर्ज प्रोटेक्टर दुकानातूनच घेण्याची सक्ती नसते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. जाताना टीव्हीमागच्या भोकांचं माप लिहून न्या, उदाहरणार्थ २०० बाय २०० मिलिमीटर, आणि स्क्रूची जाडीही.

१०. बिल आणि खोका

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जुन्या छापील किमतीवर सवलत दाखवली जात असेल तर ती सवलत खरी किती हे आजच्या इतर दुकानांच्या भावाशी ताडून बघा.

बिलावर मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक आणि वॉरंटी लिहून घ्या. मागच्या लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. फिटिंगमध्ये ब्रॅकेट धरला आहे का, हे आधीच विचारा. वादात दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खोका उभाच वाहायचा. रिक्षात आडवा टाकला की मधल्या भागावर जोर येतो आणि काच आतून तडकते, बाहेरून खोका धड दिसतो. उघडताना सलग व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या सिरियल क्रमांकापासून पडदा सुरू होईपर्यंत. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी टीव्ही गादीवर नव्हे, त्याच्या पायांवर उभा करून चालू करून बघा.

११. बसवताना

तंत्रज्ञ आल्यावर हा क्रम पाळा.

१. टीव्हीच्या वरच्या कडेपासून वरच्या भोकांपर्यंतचं अंतर मोजा. भोकं बरोबर मध्यावर असतातच असं नाही, पुष्कळदा खालच्या भागात असतात. हे न मोजल्यामुळे टीव्ही ठरल्यापेक्षा चार इंच वर जातो.
२. ब्रॅकेटची जागा पडद्याच्या मध्यबिंदूवरून काढा आणि पाणसळ लावून रेघ मारा. छताकडे बघून रेघ मारू नका, छत सरळ असेलच असं नाही.
३. किमान चार ठिकाणी पक्कं करा, वरच्या ओळीत निदान दोन.
४. पट्टी बसल्यावर टीव्ही टांगण्यापूर्वी तिला दोन्ही हातांनी जोरात खाली ओढा. केसाएवढी जरी हलली तरी प्लग बदला.
५. टीव्हीमागचे स्क्रू हातानं घट्ट होईपर्यंतच. मध्येच अडकलं तर जोर लावू नका. लांब स्क्रू आतून पॅनलला भिडतो आणि पडद्यावर कायमचा डाग येतो, वॉरंटीत तो बसत नाही. लांबी जास्त असेल तर वॉशर घाला.
६. केबल आधी जोडा, मग टांगा.

तपासा: तंत्रज्ञ जाण्यापूर्वी पलंगावर टेकून बघा. झुकाव तेव्हाच नीट करून घ्या.

१२. पहिली रात्र आणि पहिला आठवडा

सुरुवातीला टीव्ही विचारतो, घर की दुकान? घर निवडा. पिक्चर मोड सिनेमा, रंगाचा सूर वॉर्म, बॅकलाइट रात्रीसाठी दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास. दिवसासाठी वेगळा मोड जतन करा म्हणजे रोज आकडे बदलावे लागत नाहीत. स्लीप टाइमर लावा, स्टँडबायचा लाल दिवा सेटिंगमधून बंद होतो का ते बघा. पूर्ण अंधारात डोळे शिणत असतील तर टीव्हीमागे एक मंद पांढरा दिवा लावा, पिवळा किंवा रंगीत नको, त्यानं पडद्याचे रंग चुकीचे भासतात.

आठवडाभर रोज वापरा आणि राखाडी-काळं चित्र घरच्या अंधारात पुन्हा लावून बघा. मेलेला ठिपका, कडेचा उजेड, वाय-फाय तुटणं, जे काही असेल ते बदलून मिळण्याच्या मुदतीतच कळवा. बऱ्याच ठिकाणी ती मुदत सात-दहा दिवसांचीच असते आणि आधी कंपनीच्या माणसाचा तपासणी अहवाल लागतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

जुना काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर तो भंगारात फोडायला देऊ नका, त्या काचेत शिसं असतं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक ई-कचरा वेगळा घेतात. आणि नवा खोका, थर्मोकोलसकट, मुदत संपेपर्यंत फेकू नका. भाड्यानं राहत असाल तर त्यानंतरही लॉफ्टवर ठेवा. घर बदलताना चादरीत गुंडाळून नेलेले टीव्हीच सगळ्यात जास्त फुटतात.